घरचं अ‍ॅप आलं, तरी वही सुटत नाही: कंपनीने स्वतः बनवलेली अ‍ॅप्स कर्मचारी का स्वीकारत नाहीत?

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. इथे आयटीतले, एचआरमधले, शॉपफ्लोअरवरचे, फील्डवरचे असे सगळ्या प्रकारचे लोक आहेत, म्हणून हा विषय इथेच मांडावासा वाटला.

मी एका उत्पादन कंपनीत काम करते. आमची आठ जणांची टीम फक्त कंपनीपुरती अ‍ॅप्स बनवते. रजेचा अर्ज, गेटपास, सुरक्षा फेरी आणि सगळ्यात मोठं म्हणजे मेंटेनन्सचं अ‍ॅप. मशीन बिघडलं की ऑपरेटरने नोंद टाकायची, फिटरने ती आपल्या नावावर घ्यायची, काम झालं की कारण आणि वापरलेला स्पेअर लिहून नोंद बंद करायची. दीड वर्ष खपून बनवलं. उद्घाटन झालं, ट्रेनिंग झालं, भिंतींवर पोस्टर्स लागली. पहिला महिना नोंदी भरभरून आल्या. मग नव्याचे नऊ दिवस संपले. आता शिफ्ट सुटायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत दिवसभराच्या नोंदी एकगठ्ठा पडतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण 'इतर'. खरं काम चालतं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत.

आमच्या बैठकीत याचं निदान एका वाक्यात होतं: "लोकांची मानसिकता बदलायला हवी." हे वाक्य मीही अनेकदा म्हटलंय. मग गेल्या महिन्यात परवानगी काढून मी एक अख्खी रात्रपाळी त्या विभागात बसून काढली. लॅपटॉप नेला नाही, फक्त बघत बसले.

अकराच्या सुमारास एका कन्व्हेयरचं बेअरिंग गेलं. तिथल्या सगळ्यात जुन्या फिटरना सगळे काका म्हणतात. त्यांनी हातमोजे काढले, हात पुसले, फोन घेतला. अ‍ॅप उघडलं तर लॉगिन. बारा अक्षरी पासवर्ड, दोनदा चुकला. मग मशीन निवडायचं. यादीत आमच्या मालमत्ता नोंदवहीतले सांकेतिक क्रमांक. काकांच्या लेखी त्या मशीनचं नाव 'खालचा लांब पट्टा'. शेजारच्या पोराला विचारून क्रमांक शोधला. पुढे चौदा रकाने, प्रत्येकावर लाल तारा. सातव्या रकान्यावर असताना सुपरवायझरची हाक आली, फोन खिशात गेला. वीस मिनिटांनी परत उघडला तर सेशन संपलेलं आणि भरलेलं सगळं गायब.

काका काही बोलले नाहीत. वही काढून उभ्याउभ्याच लिहिलं: वेळ, 'खालचा पट्टा, डावं बेअरिंग बदललं, आवाज दोन दिवसांपासून होता', सही. मिनिटभरही लागलं नसेल.

मला झोंबलं ते पुढचं. 'आवाज दोन दिवसांपासून होता' हे लिहायला आमच्या अ‍ॅपमध्ये जागाच नाही. मेंटेनन्सच्या दृष्टीने त्या रात्रीची सगळ्यात मोलाची माहिती तीच होती, आणि ती वहीत राहिली.

त्या रात्रीपासून माझं मत बदललंय. अ‍ॅप न वापरणारा माणूस आडमुठा असतो असं मला आता वाटत नाही. तो हिशेब करतो, आणि बहुतेक वेळा त्याचा हिशेब आमच्यापेक्षा बरोबर असतो. तुमच्याकडे काय अनुभव? बनवणारे आणि वापरणारे, दोन्ही बाजूंनी लिहा.

---

पारंबी

फार चांगला धागा. पासवर्डच्या मुद्द्याला +१००. आमच्याकडे पाच घरगुती अ‍ॅप्स आहेत आणि पाचही पासवर्ड वेगळे, वेगवेगळ्या दिवशी मुदत संपणारे. एकच लॉगिन सगळीकडे चालायला लागलं तर अर्धा विरोध त्याच दिवशी संपेल.

---

सांजपक्षी

मी याच विषयावर काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं लांबचं लिहितो.

तंत्रज्ञान स्वीकाराबद्दलचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल फ्रेड डेव्हिस यांचं, 1989 सालचं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: हे साधन माझ्या कामाला उपयोगी आहे असं मला वाटतं का, आणि ते वापरायला सोपं आहे असं वाटतं का. पहिल्या अभ्यासात आयबीएमच्या टोरोंटोतल्या प्रयोगशाळेतले 112 कर्मचारी होते आणि साधनं होती ऑफिसातलं ईमेल आणि फाइल एडिटर, म्हणजे रोजच्या कामातलीच. लोकांनी स्वतः सांगितलेल्या वापराशी उपयुक्ततेचा सहसंबंध (1 च्या जितका जवळ, तितकं नातं घट्ट) निघाला 0.63 आणि सोपेपणाचा 0.45. सोपेपणा लागतोच, पण माणूस टिकतो तो उपयोगामुळे. साधन अवघड असलं तरी काम होतंय म्हटल्यावर लोक शिकतात. नुसतं सोपं आहे म्हणून निरुपयोगी साधन कुणी वापरत नाही.

आता तुमच्या किश्श्याकडे बघा. पासवर्ड, चौदा रकाने, सेशन, हे सगळं सोपेपणाच्या बाजूचं. ते तुम्ही दुरुस्त कराल. पण मला सांगा, नोंद नीट भरली तर काकांना काय मिळतं? रिपोर्ट कुणाच्या टेबलावर जातो?

जोनाथन ग्रुडिन यांनी 1988 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. गटाने मिळून वापरायची सॉफ्टवेअर्स का फसतात हे शोधताना त्यांना दिसलं की जादा काम एकाच्या गळ्यात पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो. त्यांचं उदाहरण होतं सामायिक कॅलेंडरचं. बैठका ठरवणाऱ्या साहेबांना त्याचा फायदा, पण त्यासाठी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज अद्ययावत ठेवायचं. ज्यांना बैठका बोलवायच्याच नसतात, ते कशाला ठेवतील? इतकी वर्षं झाली तरी जवळजवळ प्रत्येक घरगुती अ‍ॅपमध्ये मला हीच गोष्ट दिसते. नोंद खालचा भरतो, डॅशबोर्ड (सगळे आकडे एकत्र दाखवणारा पडदा) वरचा बघतो.

म्हणून अशा अ‍ॅपचं काम हातात आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: रकाना भरणाऱ्याला त्याच शिफ्टमध्ये काय परत मिळणार? उत्तर देता आलं नाही तर तो रकाना काढून टाकायला सांगतो.

---

रेघोटी

@सांजपक्षी, हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. चौदापैकी नऊ रकाने मासिक आढाव्याच्या तक्त्यासाठी आहेत. फिटरला परत मिळणारी एकही गोष्ट आत्ता आठवत नाहीये.

---

रात्रदिवा

मी वापरणाऱ्यांच्या बाजूचा. फील्ड सर्व्हिसमध्ये आहे. ग्राहकाकडे जाऊन उपकरण दुरुस्त करतो, रिपोर्ट कंपनीच्या अ‍ॅपमध्ये भरतो.

वर सगळं अवघड-सोपं, उपयोगी-निरुपयोगी असं चाललंय. आमच्यात जे बोललं जातं ते वेगळं आहे. आमच्या अ‍ॅपमध्ये 'पोहोचलो' असं बटण आहे. सांगितलं गेलं ते ग्राहकाला वेळ कळावी म्हणून. पहिले तीन महिने सगळ्यांनी प्रामाणिकपणे दाबलं. मग वार्षिक मूल्यमापनात एका सहकाऱ्यासमोर त्याच बटणाच्या वेळांचा कागद ठेवला गेला: अमुक दिवशी इतके वाजता पोहोचलात, दोन कामांमध्ये इतकी मिनिटं कुठे होतात. रस्त्यात गाडी बंद पडली होती हे लिहायला अ‍ॅपमध्ये जागा नव्हती आणि त्यालाही आता तारीख आठवत नव्हती.

त्या दिवसानंतर कुणीही ते बटण खऱ्या वेळेला दाबत नाही. कुणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही, पण सगळ्यांना कळलं. आता कंपनी म्हणते डेटा खराब येतो, आणि त्यावर उपाय म्हणून जीपीएस सक्तीचं करणार आहेत.

नवीन अ‍ॅप आलं की आमच्या मनात पहिला प्रश्न 'हे कसं वापरायचं' हा येतच नाही. 'हे उद्या कुणाच्या हातात जाणार' हा येतो. त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी, लेखी, कुणी दिल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

---

अक्षरवेल

@रात्रदिवा, मनापासून लिहिलंत. आमच्याकडे 'सूचना द्या' असं अ‍ॅप आहे आणि त्यात नाव आपोआप जातं. सूचना येत नाहीत.

---

दगडीवाटा

इथे थोडा वेगळा सूर लावतो. मी विभागप्रमुख आहे, म्हणजे डॅशबोर्ड बघणाऱ्यांपैकी.

वहीबद्दल सगळ्यांना जिव्हाळा दाटून आलाय, पण त्या वहीचं पुढे काय होतं? ती एका कपाटात असते, एकाच पाळीला दिसते, त्यातलं अक्षर दोघांनाच लागतं. काका निवृत्त झाले की 'आवाज दोन दिवसांपासून होता' हे शहाणपण त्यांच्याबरोबर जातं. मी माझ्या विभागात हे भोगलंय. एकच मोटर वर्षात चार वेळा जळली आणि चारही वेळा वेगवेगळ्या पाळीला वाटलं की हे पहिल्यांदाच होतंय. त्या चार नोंदी एका जागी दिसल्या असत्या तर दुसऱ्याच वेळी मूळ कारण शोधलं असतं.

आणि 'आमचं एक्सेल बरं आहे' म्हणणाऱ्यांसाठी: 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे 15,841 रुग्ण वेळेवर पुढे कळवलेच गेले नाहीत. कारण होतं जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल. त्यात 65,536 ओळींच्या पुढे काही मावत नाही, आणि जे मावलं नाही ते गुपचूप गळलं. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. जुगाड चालतो तोवर चालतो. बंद पडतो तेव्हा सांगून पडत नाही.

माझ्या मते सुरुवातीला सक्ती लागतेच. आवडीवर सोडलं तर जुनी सवयच जिंकते. @रात्रदिवा, तुमच्याबाबतीत झालं ते चूक झालं, ते कबूल. पण मोजायचंच नाही असं म्हणून कुठलाही विभाग चालवता येत नाही.

---

सांजपक्षी

@दगडीवाटा, मोटरचं उदाहरण अगदी पटलं. तुम्हाला मिळायला हवी होती ती माहिती आणि रात्रपाळीच्या फिटरला हवी असलेली माहिती एकच आहे: या मशीनला आधी काय झालं होतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ती फिटरला दिसते का? दिसत असेल तर सक्तीची गरज पडणार नाही.

सक्तीबद्दल: 2003 मध्ये व्यंकटेश, मॉरिस आणि दोन डेव्हिस (फ्रेड आणि गॉर्डन) यांनी तोवरची आठ मॉडेल्स एकत्र करून एक मॉडेल मांडलं. कामाला होणारी मदत, लागणारे कष्ट, आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि पाठीशी असलेली सोय, असे चार मुख्य घटक. त्यात आजूबाजूच्यांचा प्रभाव सक्तीच्या वापरात महत्त्वाचा ठरतो, तोही सुरुवातीच्या काळात. अनुभव वाढला की तो ओसरतो. म्हणजे सक्तीने तुम्ही माणसाला दारापर्यंत आणू शकता. घरात राहायचं की नाही हे तो आतली अवस्था बघून ठरवतो. आणि सक्तीच्या अ‍ॅपमध्ये नकार बंडासारखा दिसत नाही. 'इतर' निवडणं, सगळ्या रकान्यांत एक टिंब टाकणं, शिफ्टच्या शेवटी एकगठ्ठा भरणं, हे नकाराचेच प्रकार आहेत. आकडेवारीत मात्र शंभर टक्के वापर दिसतो.

---

निळीशाई

सहमत. टिंब टाकणारी मीच.

लेखा विभागात आहे. बिलं मंजुरीचं अ‍ॅप आलं, पण ऑडिटला कागदच लागतो म्हणून फाइलही चालू राहिली. 'दोन महिने समांतर चालवा' असं सांगितलं होतं, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. एकच बिल मी अ‍ॅपमध्ये चढवते, एक्सेलमध्ये चढवते, प्रिंट काढून फाइलला लावते आणि फाइलवर अ‍ॅपमधला क्रमांक हाताने लिहिते. नवीन साधनामुळे माझं काम कमी होईल असं सांगणाऱ्यांनी एकदा माझ्या टेबलाशी बसून ही चार कामं मोजावीत.

जुनं कोणत्या तारखेला बंद होणार हे ठरवल्याशिवाय नवं सुरू करू नये. आणि ती तारीख अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हातात नसते. कागद मागणाऱ्याला कुणीतरी वरच्याने सांगावं लागतं की आता कागद मागायचा नाही. हे सांगायला कुणी पुढे होत नाही, सगळं ओझं माझ्या टेबलावर येतं.

---

पारंबी

@निळीशाई, अगदी अगदी! आमच्याकडे रजा अ‍ॅपमध्ये टाकायची आणि शिवाय साहेबांना फोन करून सांगायची, कारण साहेब अ‍ॅप उघडत नाहीत. वरचे वापरत नसतील तर खालच्यांनी का वापरावं?

---

कौल

मी दुसऱ्या एका कंपनीत अशाच टीममध्ये आहे. @रेघोटी, तुमच्या बाजूचा म्हणून थोडं तांत्रिक.

१. सेशन: दहा मिनिटांत बाहेर काढणं हा सुरक्षेचा नियम असेल तर असू द्या, पण भरलेला मजकूर फोनमध्येच मसुदा म्हणून राहिला पाहिजे. हे काही दिवसांचं काम आहे आणि भांडणं महिन्यांची वाचवतं.

२. नेटवर्क: शेडच्या आत, तळघरात, पत्र्याच्या मागे सिग्नल नसतो. नोंद आधी फोनमध्ये, मग जमेल तेव्हा सिंक. 'सबमिट झालं नाही' असा संदेश तीनदा दिसला की माणूस चौथ्यांदा वहीच काढतो.

३. वेग: प्रतिसादाच्या वेळेबद्दलचे जेकब नील्सन यांचे टप्पे आजही लागू पडतात. 0.1 सेकंदात झालं तर तात्काळ वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, 10 सेकंदांपुढे लक्ष उडतं. आमच्या एका अ‍ॅपची यादी उघडायला अठरा सेकंद लागत होते, कारण आम्ही ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर तपासत होतो. लोकांचे फोन चार वर्षं जुने.

४. मशीन: यादी काढाच. मशीनवर क्यूआर कोड चिकटवा, स्कॅन केला की मशीन निवडलेलं. आणि प्रत्येक मशीनला लोकांनी दिलेलं नाव दुसरं नाव म्हणून साठवा. 'खालचा लांब पट्टा' शोधल्यावर ते सापडलंच पाहिजे.

ड्रॉपडाऊनबद्दल, म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून निवडायच्या यादीबद्दल, वेगळं सांगतो. कारणांची यादी आम्ही ऑफिसात बसून बनवतो, मग तिच्यात प्रत्यक्ष कारण नसतं, मग 'इतर'. आम्ही एकदा उलटं केलं. तीन महिने कारणाचा रकाना मोकळा ठेवला, वाटेल ते लिहू दिलं, बोलून टाकायचीही सोय दिली. नंतर ते सगळं वाचून, फिटर लोकांना समोर बसवून यादी बनवली. त्यांचे शब्द तसेच ठेवले. आता आमच्याकडे 'इतर' क्वचितच येतं.

---

साक्षीदार

@रात्रदिवा यांचा मुद्दा मागे पडू नये म्हणून लिहितोय. मी कामगार संघटनेचं काम पाहतो.

अ‍ॅपवर विश्वास का बसत नाही याचं जगातलं सगळ्यात भीषण उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमधली होरायझन ही हिशेबाची संगणक प्रणाली. 1999 पासून ती शाखांमध्ये बसवली गेली. शाखा चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. ते सांगत राहिले की पैसे घेतले नाहीत, सिस्टिम चुकते आहे. ऐकलं गेलं ते सिस्टिमचं. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, अनेकांनी पदरचे पैसे भरले. डिसेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने निकालात सांगितलं की प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात फरक पडू शकत होता. 2024 मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्या रोजच्या अ‍ॅपमध्ये इतकं टोक गाठलं जात नाही हे मान्य. पण प्रश्न तोच आहे. अ‍ॅप एक सांगतं आणि माणूस दुसरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं आहे का? 'ही नोंद चूक आहे' असं म्हणायचं बटण अ‍ॅपमध्ये आहे का, आणि ते दाबल्यावर कुणी जिवंत माणूस बघतो का? आमच्या वाटाघाटींत आम्ही आता तीन गोष्टी लेखी मागतो: कोणता डेटा कोण बघणार, तो किती दिवस राहणार, आणि मूल्यमापनात वापरणार की नाही. बदल करायचा असेल तर आधी सांगायचं. हे लिहून मिळालेल्या ठिकाणी अ‍ॅपला विरोध झाल्याचं मला आठवत नाही.

---

दगडीवाटा

@साक्षीदार, हे वाचल्यावर माझं म्हणणं थोडं बदलतो. मूल्यमापनात काय वापरणार हे आधी सांगायला माझी हरकत नाही, उलट मलाही ते सोयीचं. अडचण अशी आहे की मलाच ते माहीत नसतं. डेटा साठला की वरून कुणीतरी मागतं आणि देणारा देतो.

---

सांजपक्षी

@दगडीवाटा, नेमकं हेच. लिन मार्कस यांनी 1983 मध्ये एका कंपनीतली आर्थिक माहिती प्रणाली अभ्यासली होती. मुख्यालयातल्या लेखापालांना ती आवडली, विभागांतले लेखापाल मात्र विरोधात. कारण आधी विभागाचे आकडे विभागाच्या हातात असायचे, आता मुख्यालय परस्पर बघू शकत होतं. प्रणाली तीच, पण तिने सत्ता इकडून तिकडे नेली. ज्यांच्या हातून गेली ते विरोध करणारच. मार्कस यांचं म्हणणं होतं की विरोधाचं कारण माणसाच्या स्वभावात किंवा सॉफ्टवेअरच्या त्रुटीत सुटंसुटं शोधू नये. त्या संस्थेत ती प्रणाली येऊन पडते तेव्हा कोणाचं काय वाढतं आणि कोणाचं काय जातं, तिथे ते असतं.

---

मोजपट्टी

एक छोटी भर. 'किती जणांनी लॉगिन केलं' हा आकडा स्वीकार मोजायला कुचकामी आहे, विशेषतः सक्ती असेल तर. वापरायला बरं आहे का हे विचारायचं असेल तर जॉन ब्रूक यांची 1986 ची दहा प्रश्नांची चाचणी वापरा. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 5 गुण. विषम क्रमांकाच्या प्रश्नांतून 1 वजा, सम क्रमांकाचे 5 मधून वजा, बेरीज गुणिले 2.5. उत्तर 0 ते 100 मध्ये येतं, पण ते टक्के नव्हेत. सरासरी 68 धरतात. निनावी भरून घ्या, नाहीतर सगळे साहेबांना आवडेल तेच लिहितील.

त्यापेक्षाही मला भरवशाचा वाटणारा आकडा: बिघाड झाला ती वेळ आणि नोंद पडली ती वेळ, यांतलं अंतर. ते कमी होत असेल तर लोक खरंच वापरतायत.

---

अक्षरवेल

आणि वयाचं काय? 'जुन्या लोकांना जमत नाही' हे कुणी लिहिलं नाही याचं बरं वाटलं. आमच्याकडे हे कायम ऐकू येतं. तेच जुने लोक स्वतःच्या फोनवर पैसे पाठवतात, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने परत आलेय. सांगण्यासारखं थोडं आहे.

@कौल यांचे मसुद्याचे आणि क्यूआर कोडचे मुद्दे लगेच झाले. मशीनची दुसरी नावं गोळा करायला मी आणि एक सहकारी तिन्ही पाळ्यांना फिरलो. एका पंपाला तिन्ही पाळ्यांत तीन नावं निघाली, तिन्ही साठवली. चौदा रकान्यांचे पाच झाले. बाकीच्या नऊसाठी आढावा बैठकीत बराच वाद झाला. शेवटी मी विचारलं की गेल्या सहा महिन्यांत या नऊ रकान्यांवरून कोणता निर्णय घेतला गेला. एक निघाला. तो रकाना ठेवला, त्यामुळे पाचाचे सहा झाले.

याशिवाय एक रकाना नवीन आहे: 'आधी काय जाणवलं होतं?' सक्तीचा नाही, बोलूनही भरता येतो. आणि @सांजपक्षींच्या प्रश्नामुळे सगळ्यात मोठा बदल केला. आता कोड स्कॅन केला की फॉर्म नंतर येतो, आधी त्या मशीनच्या मागच्या पाच नोंदी दिसतात, कुणी काय लिहिलं होतं त्यासकट.

मागच्या आठवड्यात परत एका रात्रपाळीला बसले. काकांनी एका गिअरबॉक्सचा कोड स्कॅन केला आणि आदल्या दिवशीच्या दुसऱ्या पाळीची नोंद वाचली: 'तेल काळं येतंय.' ते काही न बोलता खाली बसले, ड्रेन प्लग थोडा सैल केला, बोटावर तेल घेऊन बॅटरीच्या उजेडात चोळून पाहिलं. धातूचे बारीक कण चमकत होते. मशीन दिवसपाळीला ठरवून थांबवायचं ठरलं. मग त्यांनी फोन तोंडाशी धरून, आयुष्यात पहिल्यांदाच, आमच्या त्या नव्या रकान्यात बोलून नोंद टाकली.

वही अजून खिशात आहे. मी ती सोडून द्यायला सांगणार नाही.

अडकलंय ते @साक्षीदार आणि @रात्रदिवा यांच्या मुद्द्यावर. नोंद बोलून झाल्यावर काकांनी मला विचारलं, "यात मला किती वेळ लागला तेपण जातं का वर?" जातं. प्रत्येक फिटरने प्रत्येक कामाला लावलेली मिनिटं डॅशबोर्डवर नावानिशी दिसतात, ते आम्हीच पहिल्या आवृत्तीत टाकलंय. मी त्यांना खरं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

नावं काढून फक्त मशीननिहाय वेळ दाखवायचा प्रस्ताव मी लिहून दिलाय. सोबत कोण काय बघणार याचं एक पानी पत्रक जोडलंय. मंगळवारी बैठक आहे. @दगडीवाटा, तुमच्यासारख्या खुर्चीतल्या माणसाला हे पटवायचं असेल तर तुम्ही कोणता मुद्दा आधी मांडाल? सोमवारपर्यंत सांगितलंत तर फार उपयोग होईल.

---

दगडीवाटा

मोटरची गोष्ट सांगा. चार वेळा जळली तेव्हा माझ्याकडे प्रत्येक फिटरची मिनिटं होती, नावानिशी. मोटर का जळते ते त्यात कुठेच नव्हतं. गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद छापून न्या आणि शेजारी तो मिनिटांचा तक्ता ठेवा. ब्रेकडाऊन कशामुळे टळला, ते त्यांनाच विचारा.